सलंगाजवळचे घर

माझ्या जातीच्या दाखल्यावर ‘भटक्या जमाती (ब)’ असे छापलेले आहे. जात ढिवर. हा कागद पहिल्यांदा हाती आला तेव्हा मी तो बापाला वाचून दाखवला. तो ओसरीत बसून जाळ्याचे तुटलेले डोळे विणत होता. “भटक्या म्हन्जे का गा?” त्याने विचारले. मी म्हटले, एका जागी न राहणारे. त्याने सुई खाली ठेवली, समोरच्या तलावाकडे पाहिले आणि म्हणाला, “मंग आपन कोठी गेलो?”

आम्ही कुठेच गेलो नव्हतो. आजा याच घरात जन्मला आणि याच घरात गेला. त्याच्या बापाने लावलेली चिंच अजून पाळीवर उभी आहे. घर पाळीच्या पार टोकाला, सलंगाजवळ. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तलाव काठोकाठ भरला की जास्तीचे पाणी पाळ न फोडता ज्या वाटेने निघून जाते, तो सलंग. शेताला पाणी सोडायचे दार वेगळे, ते तुडुम. तुडुमाजवळ शेतकऱ्यांची आणि पाणी वाटून देणाऱ्या पाणकराची वर्दळ, सलंगाजवळ ढिवरांची. कारण ज्या वाटेने पाणी जाते त्याच वाटेने मासोळी येते. आमच्या झाडीबोलीत ‘ळ’ नाही. मासोळीची मासोरी होते, डोळ्याचा डोरा. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी आयुष्यभर पोरांच्या वहीतला ‘र’ खोडून ‘ळ’ केला आणि घरी येऊन मात्र मासोरीच मागितली.

भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. १ मे १९९९ रोजी त्यातून गोंदिया वेगळा झाला आणि आमचा अर्जुनी मोरगाव तालुका गोंदियात गेला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरची पूर्वेकडची कड एवढ्या टापूत माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी गावच्या मालगुजार जमीनदारांकडे असलेले, तलाव साडेसहा हजारांवर आहेत. शेताच्या वरच्या अंगाला केलेल्या लहानशा बोड्या त्याहून वेगळ्या. हे पाणी निसर्गाने साठवलेले नाही, माणसाने मातीची पाळ घालून अडवलेले आहे. एकाचा सलंग खालच्या तलावात, त्याचा आणखी खालच्या तलावात, अशी माळ करत पाणी चुलबंद नाही तर गाढवी नदीला मिळते आणि पुढे वैनगंगेला.

हे तलाव कोणी बांधले ते सगळे सांगतात. चांद्याच्या गोंड राजांनी, त्यातही हीरशहाने, रान तोडून तलाव बांधणाराला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन दिली आणि कोहळी समाजाने त्या बोलीवर सोळाव्या ते अठराव्या शतकात गावोगाव पाळी घातल्या. आमच्याकडचा सगळ्यांत नामांकित तो नवेगाव बांध. सातबहिणी डोंगरांच्या कुशीत, अकरा चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी याने तो बांधला असे मानतात. लोकांनी पुढे त्याला कोलासुर म्हणून देव केले. मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत नवेगावला राहिले आणि त्या पाण्यावर, रानावर, पाखरांवर त्यांनी इतके लिहिले की पुण्या-मुंबईचा वाचक आमच्या तालुक्याला त्यांच्या पुस्तकांमुळेच ओळखतो. कोहळ्यांचे श्रेय कोहळ्यांना आहेच, उतार ओळखून माती कुठे घालायची हे त्यांच्याइतके कोणालाच कळत नव्हते. पण तलाव बांधून झाल्यावर तीनशे वर्षे त्यातून रोजचे कालवण काढणाऱ्यांचा इतिहास कुठे आहे? पाणी किती एकरांना पुरते याची नोंद दप्तरात सापडते. कोणत्या नक्षत्रात कोणती मासोळी कुठे बसते, ही नोंद माझ्या आजीच्या डोक्यात होती आणि ती तिच्याबरोबर गेली.

एक नोंद आहे, तीही साहेबाची. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जे चार खंड काढले, त्यांत ढीमरांवर, म्हणजे आम्हा ढिवरांवर, एक प्रकरण आहे. आमच्या पोटजाती त्यात दिल्या आहेत. शिंगाड्याची लागवड करणारे शिंगाडिया, झिंगे धरणारे झिंगा, गळाने मासे धरणारे बन्सिया, दोर वळणारे बंधैया, जात्याला टाकी लावणारे टाकीवाले. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हसू आले. आमच्या घरात हे सगळे एकाच वेळी नांदत होते. आजा जाळ्यावर, काका गळावर, आजी झिंग्यांवर, माय शिंगाड्यावर आणि दोर तर सगळेच वळायचे. साहेबाने ज्याला पोटजात म्हटले तो आमच्याकडे वर्षातला एखादा महिना असायचा.

वर्ष सुरू व्हायचे ते मिरगाने. रोहिणीचा पाऊस माती भिजवतो, मिरगाचा पाऊस नाले चालवतो. उन्हाळ्यात आटून गेलेल्या तलावात वरच्या अंगाने पहिले गढूळ पाणी आले की मासोळीला त्याचा वास लागतो, असे आजा म्हणायचा. पोटात अंडी घेऊन ती त्या पाण्याच्या उलट दिशेने चढू लागते. नाल्यातून ओहळात आणि ओहळातून धानाच्या बांधीत जाते. तिथे चवडाभर पाण्यात ती अंडी टाकते. बांधीतले पाणी उथळ आणि उबदार, खायला मुबलक आणि मोठी मासोळी मागे लागण्याची भीती कमी. पिल्ले तिथे वाढतात आणि बांधी फुटली की तलावात उतरतात. म्हणजे शेतकऱ्याची बांधी ही आमच्या तलावाची बाळंतिणीची खोली. शेतकऱ्याला हे कधी सांगावे लागले नाही. तोही पहिल्या पावसात टोपले घेऊन बांधीतच असायचा.

आमच्या घराची खरी रात्र आषाढाच्या शेवटी यायची. चार-सहा दिवस झड लागली की तलाव भरायचा आणि कधीतरी मध्यरात्री आवाज यायचा. आधी कोणी चटई ओढत नेल्यासारखा, मग धो धो. “सलंग चालला!” असे म्हणत आजी उठायची आणि कंदील घेऊन बाहेर. आमचा सलंग तेव्हा दगडांचा होता, लांब उताराचा, पायऱ्या झिजलेल्या जिन्यासारखा. दगडांच्या फटींत गवत. खालच्या तलावातली आणि नाल्यातली मासोळी त्या पांढऱ्या पाण्यातून वर चढायची. दाडक अंग आडवे टाकून दगडावर क्षणभर चिकटायची आणि पुन्हा उसळायची. वागूर तर पाण्याची पर्वाच करत नसे. ओल्या गवतातून छातीजवळच्या काट्यांवर रेटा देत ती सरपटत जायची. कंदिलाच्या उजेडात गवत हलताना दिसले की मला साप वाटायचा आणि आजी हसायची.

धरायचे, पण सगळे नाही. सलंगाच्या डाव्या हाताला बांबूच्या कामट्यांचे सापळे लावायचे, उजवा हात मोकळा ठेवायचा. मी एकदा विचारले की त्या बाजूनेच जास्त चढताहेत, तिकडे का नाही लावत? आजी म्हणाली, “तिकडची पुढल्या सालची होय.” पावसाळ्यातल्या मासेमारीवर मी पुढे सरकारी पत्रके वाचली. आजीच्या त्या वाक्यात जे होते त्याहून जास्त मला कुठे सापडले नाही.

श्रावणात जाळी वर. निम्मे गाव मासे खात नाही आणि पाणीही खोल. आजा तेवढ्यात जाळी विणून घ्यायचा. तेव्हाचे सूत सणाचे होते, घरीच वळलेले. पाण्यात कुजू नये म्हणून झाडाच्या सालीच्या तांबड्या काढ्यात ते बुडवायचे. दर पंधरवड्याला हे करावे लागे. घरभर तुरट वास आणि आज्याची बोटे कायम कातासारखी रंगलेली. जाळ्याचा डोळा बोटांनी मोजतात. एका बोटाचे जाळे, दोन बोटांचे, चार बोटांचे. एका बोटाचे जाळे आश्विनाच्या आधी पाण्यात टाकायचे नाही, कारण तोवर पिल्ले बोटाएवढीच असतात.

याच दिवसांत मला आज्याच्या हातचा एकुलता एक मार बसला. मरळ पाणगवतात जागा साफ करून अंडी देते आणि पिल्ले निघाली की नर-मादी त्यांची राखण करतात. पिल्ले तांबूस, झुबक्याने वर येतात, हवा घेतात, पुन्हा खाली जातात. लांबून बघितले तर पाण्याला उकळी फुटल्यासारखी दिसते. त्या उकळीत गळ टाकला की खालची मोठी मरळ चवताळून येते आणि गळाला लागते. भूक नसली तरी लागते, कारण पिल्लांजवळ काहीतरी आले आहे एवढेच तिला कळते. मी दहा वर्षांचा होतो. अशी हातभर मरळ धरून मी मिरवत घरी आलो. आज्याने विचारले, कुठे धरलीस? मी सांगितले. त्याने आधी कानशिलात दिली आणि मग मला त्याच जागी नेले. संध्याकाळपर्यंत आम्ही पाळीवर बसून होतो. झुबका विस्कटला होता आणि वरून पाणकावळे बुड्या मारत होते.

भादवा-आश्विन शिंगाड्याचा. पावसाळ्याच्या तोंडी वेल पाण्यात रोवलेले असत. दसऱ्याच्या आसपास डोंग्यात बसून बायका पाने उलटी करत फळे तोडायच्या. पाण्यात बुडून हातांची कातडी पांढरी पडायची, काट्यांनी बोटे फुटायची. शिंगाड्याचे पीठ उपवासाला चालते. मासे सोडलेल्या लोकांचा उपवासही ढिवरांच्याच हातून सुटतो, याची मला लहानपणापासून गंमत वाटत आली आहे.

दिवाळीनंतर धान कापणी, मग गावोगाव मंडई आणि रात्रभर नाटके. मंडईला पाहुणे येणार आणि पाहुण्याला मासोळी हवी, म्हणून फेकजाळे रोज पाण्यात. पौष-माघात पाणी गार पडले की मासोळी खोलात जाऊन सुस्त बसते. तेव्हा गळाची माणसे तेवढी टिकून राहायची. काका पहाटे अंगावर गोणपाट घेऊन डोंग्यात बसायचा आणि दुपारी दोन टेंगणे घेऊन परतायचा. त्याला कोणी काही बोलत नसे.

आणि मग उन्हाळा. होळीनंतर पाणी उतरू लागे. तुडुमातून शेवटचे पाणी उन्हाळी पिकाला गेलेले असे, उरलेले गुडघाभर. आता बायकांचे राज्य. तिकोनी हातजाळी घेऊन दहा-बारा जणी ओळीने पाण्यात उतरायच्या आणि चिखल ढवळत पुढे सरकायच्या. झिंगे, चांदा, काडीएवढी बारकी मासोळी. झिंग्यांच्या वाळवून सोड्या, बारक्या मासोळीची सुकसी. वाळवणाला पाळीवर चटया पसरायच्या आणि आम्ही पोरांनी काठी घेऊन कावळे हाकायचे. आजी टोपले डोक्यावर घेऊन कोहळ्यांच्या, कुणब्यांच्या, गोंडांच्या घरी जायची. पैसे क्वचितच. सूपभर धान घ्यायची आणि ओंजळभर सोड्या द्यायची. सोड्या-वांग्याची भाजी हे आमच्या झाडीपट्टीचे वैभव आहे आणि ज्याने ती जवसाचे कूट घालून खाल्ली नाही त्याच्याशी मी वाद घालत नाही.

वैशाखात एक दिवस ठरवून सगळे ढिवर पाण्यात. मोठी मासोळी त्या दिवशी निघायची. वाटे पडायचे ते माणसागणिक, जाळ्यागणिक आणि डोंग्यागणिक. ज्या घरात पुरुष उरला नाही त्या घरालाही एक वाटा असायचा. तरीही तलाव पुरता रिकामा होत नसे. मधल्या खोलगट जागेत, ज्याला आम्ही डोह म्हणतो, तिथे जाळे टाकायचे नाही. तिथले पाणी आटले तरी मरळ, वागूर, शिंगी चिखलात तग धरतात, कारण त्या पाण्याबाहेरची हवा घेऊ शकतात. मिरगाला तीच बियाणे. वर्ष पुन्हा सुरू.

हे वाचून कोणाला वाटेल की म्हातारा मालगुजारीची आरती ओवाळतो आहे. तसे नाही. मालगुजाराच्या घरी लग्न निघाले की तलावातली मोठी मासोळी वाड्यावर जायची, तिला वाटा-बिटा काही नव्हता. डोली आमच्याच खांद्यावर, वाड्यावरचे पाणी आमच्याच कावडीने. ब्राह्मणाला आमच्या हातचे पाणी चालायचे, म्हणून आम्ही भाग्यवान, असे त्या काळी सांगत. आजा उजवा खांदा कायम थोडा खाली टाकून चालायचा. डोलीच्या दांड्याने तिथे घट्टा पडला होता. तो मी चाचपून पाहिला आहे.

तेव्हा ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली ही चांगलीच गोष्ट झाली. आमचा मुलूख त्या वेळी मध्य प्रदेशात होता. १९५० च्या कायद्याने मालगुजारांचे हक्क गेले आणि तलाव सरकारजमा झाले. १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात. दहा वर्षांत आमच्या तलावाने तीन राज्ये पाहिली, पाळीवर मात्र एक टोपले माती पडली नाही. आधी दर उन्हाळ्यात मालगुजार सगळ्या गावाला कामाला लावून गाळ काढायचा, कधी दामावर तर कधी दमावर. आता तलाव सरकारचा म्हणून गावाने हात काढला आणि तलाव हजारो म्हणून सरकारचा हात पोचेना. १०० हेक्टरपर्यंत भिजवणारे तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे आले, त्याहून मोठे पाटबंधाऱ्यांकडे. मासे कोणाचे? तर त्यांचा ठेका निघाला. ढिवरांच्या सहकारी संस्था झाल्या, त्यांना प्राधान्य मिळाले. माझा बाप आमच्या संस्थेचा पहिल्या दिवसापासूनचा सभासद. त्याला सही येत नव्हती, पण भागाची पावती त्याने पितळी डब्यात जपून ठेवली होती.

आता इथे दुसरा हिरालाल येतो. पहिल्याने आमच्याविषयी लिहिले, दुसऱ्याने आमचा धंदाच बदलून टाकला. त्या बिचाऱ्याला आम्ही ठाऊकही नव्हतो. कतला, रोहू, मृगळ या मोठ्या जाती पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी देतात, साचल्या पाण्यात देत नाहीत. म्हणून त्यांचे बीज बंगालच्या नद्यांतून गोळा करून मातीच्या हंड्यांत भरून रेल्वेने दूरदूर जायचे. वाटेत पिल्ले मरू नयेत म्हणून माणसे रात्रभर हंड्या हलवत बसायची. १९५७ साली ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या मेंदूतल्या ग्रंथीचा अर्क टोचून मासोळीकडून हवे तेव्हा अंडी घेऊन दाखवली. १० जुलैचा तो दिवस आता देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. बीज केंद्रात तयार होऊ लागले. मत्स्यजिरे, मत्स्यबीज, बोटुकली हे शब्द आमच्या गावात आले. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी आणि प्राणवायू भरून बीज यायचे आणि पिशवी आधी तासभर तलावात तरंगत ठेवायची, म्हणजे आतले-बाहेरचे पाणी सारखे गार होते. हे मी स्वतः केले आहे. पहिल्या वर्षी निघालेली चार-चार किलोची कतला पाहून बाप हरखला होता. खोटे कशाला बोलू, मीही.

त्यातला डाव उमगायला वीस वर्षे लागली. रोहू तलावात वाढते, पण वीत नाही. म्हणजे दर वर्षी बीज विकत घ्यायचे. त्यासाठी पैसा हवा, तो व्यापारी आगाऊ देणार आणि मासा निघाला की भावही तोच ठरवणार. ठेक्याची रक्कम वेगळी. तलाव आता शेतासारखा झाला. पावसाळ्यात पेरायचा आणि उन्हाळ्यात एकदाच कापायचा. मधल्या दहा महिन्यांत कोणी जाळे टाकले तर तो चोर. माझी माय आपल्याच तलावात हातजाळी घेऊन उतरली म्हणून तिला हटकले गेले आणि हटकणारे आमच्याच संस्थेचे राखणदार होते. त्यात माझा चुलतभाऊही होता. तो बीज वाचवत होता, त्याचेही चुकले नव्हते.

मग मार्गदर्शन आले. बीज सोडण्याआधी तलावातल्या ‘भक्षक’ मासोळ्या काढून टाका. भक्षक म्हणजे कोण? मरळ, दाडक, वागूर, शिंगी. लहान बोड्यांत मोहाच्या पेंडीचे पाणी सोडायचे, सगळे तळातले वर येते. मोहाची पेंड! जो मोह आमच्या मुलखात पोट भरतो, त्याचीच. चिखलात तग धरणारी, शेकडो उन्हाळे काढलेली मासोळी त्या पाण्यात उलटी होऊन तरंगताना मी पाहिली. मागाहून गवत्या आला, मग सायप्रिनस. गवत्याने पाणवनस्पती फस्त केल्या, सायप्रिनसने तळ उकरून पाणी कायमचे गढूळ केले. कमळे गेली, देवधान गेले. गवतच नाही तर मरळीने अंडी द्यायची कुठे? काठाच्या मोकळ्या चिखलात बेशरमाची झुडपे माजली. त्या झाडाला हे नाव ज्याने दिले त्याला पूर्ण गुण.

तरीही सलंग होता. खालून काही ना काही चढायचे. मग एका वर्षी त्याची दुरुस्ती मंजूर झाली. कोणत्या कार्यालयाने केली ते सांगत नाही, कंत्राटदाराचे नावही आता आठवत नाही. दगडांचा उतार फोडून सिमेंटची सरळ भिंत उभी राहिली, माझ्या छातीएवढी. काम पक्के, आजवर एक तडा नाही. त्या आषाढात सलंग चालला तेव्हा मी टॉर्च घेऊन गेलो. खाली फेसाच्या डबक्यात मासोळी जमली होती. दाडक उसळायची, भिंतीच्या निम्म्यापर्यंत जायची आणि परत खाली. थप्. पुन्हा थप्. गावची पोरे बादल्या घेऊन आली आणि दोन्ही हातांनी भरून घेऊन गेली. डावा हात-उजवा हात असला हिशेब राहिलाच नव्हता. आजी नव्हती, ते बरे झाले.

गेल्या काही वर्षांत आमच्याच तालुक्यात उलटी हवा सुटली आहे, तेही नोंदवले पाहिजे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि गावोगावचे ढिवर यांनी म्हाताऱ्यांना विचारून मासोळ्यांची आणि पाणवनस्पतींची नावे लिहून काढली. उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरायचा, बेशरम मुळासकट उपटायचे, पावसाळ्यात दुसऱ्या तलावातून पाणगवते आणून चिखलात रोवायची. या कामाला बायका पुढे झाल्या. काही तलावांत जुन्या मासोळ्या परतल्या. मी स्वतः एका तलावावर जाऊन गुडघाभर पाण्यात उभा राहिलो आणि पोटरीला गवत लागल्यावर काय वाटले ते इथे लिहीत नाही. आमच्या गावात अजून हे झालेले नाही. दोन बैठका झाल्या, दोन्हीत ठेक्याच्या हप्त्यावरून भांडण झाले. सलंगाच्या भिंतीला खालून दगडांचा उतार घालून द्यावा, असा अर्ज मी दोनदा दिला आहे. खर्च फार नाही, आठ-दहा ट्रॅक्टर दगड. तिसरा अर्ज लिहून तयार आहे.

तोवर तुम्हाला एक सांगणे. नवेगाव बांध पाहायला याल तेव्हा वाटेत साकोलीचा किंवा अर्जुनीचा आठवडी बाजार लागेल. पुढच्या ओळीत थर्माकोलच्या पेट्यांत आंध्रातून आलेली बर्फातली रोहू असते, मोठी आणि चकचकीत. ती ओलांडून आत जा. अगदी कडेला एखादी म्हातारी ओल्या गोणपाटावर जर्मनचे गंज घेऊन बसलेली असते. गंजावरचे झाकण मधूनच आतून वाजते. त्यात दोन-चार मरळी असतात, नाही तर पाच-सहा दाडक, जिवंत. ती सांगेल तो भाव द्या, घासाघीस करू नका. आणि कोणत्या तलावाची आहे ते तेवढे विचारून घ्या.